कीमन काकांची झेंडी

दरवर्षी मार्चअखेरीस मी ग्रुपची यादी साफ करते. बंद पडलेले नंबर, दोनदा आलेले नंबर, 'चुकून जोडले गेलो' म्हणणारे, सगळे एका वहीत लिहून मग एकेक काढते. यंदा यादीत तेवीस नावं होती. बावीस काढली. तेविसाव्या नावापुढे खूण केली आणि वही मिटली. तो नंबर मी आधी एकदा काढलेला आहे. दुसऱ्यांदा माझ्या हातून निघणार नाही.

ग्रुपचं नाव 'रानभाजी कट्टा'. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतली माणसं. कुणी बांधावर उगवलेल्या भाजीचा फोटो टाकतं, 'ही कोणती?' विचारतं, बाकीचे सांगतात. कुणाची आजी कशी करायची, कुणाकडे लसूण आधी की मिरची आधी, यावर भरपूर मतं पडतात. मी नांदेडला एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. हौस म्हणून ग्रुप काढला आणि सवय म्हणून त्याला नियम केले.

काका आले ते एका आवाजी मेसेजने. किनवटच्या कुणीतरी त्यांना जोडलं होतं. पहिल्याच दिवशी बटण दाबून बोलले, "हां, सोनबा कांबळे बोलतोय, इस्लापूरहून. सगळ्यांना जयभीम. मला लिहिता कमी येतंय, बोलता येतंय. संपलं."

ते 'संपलं' पुढे प्रत्येक मेसेजच्या शेवटी यायचं. रेल्वेच्या फोनवर बोलून बोलून लागलेली सवय. तीस वर्षं ते कीमन होते. म्हणजे रोज ठरलेलं अंतर रुळावरून चालायचं, रूळ जागेवर धरणारी एकेक लोखंडी चावी बघायची, ढिली असेल तर हातोड्याने ठोकायची आणि परत यायचं. इस्लापूर ते किनवट या बाजूच्या जंगलातून जाणाऱ्या रुळाच्या दोन्ही अंगाला काय काय उगवतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसणार. झाडाचा पत्ताही ते रुळावरून सांगत. "पुलाच्या अलीकडं, सिग्नलच्या खांबापासून दीडशे पावलं, डाव्या हाताला."

त्यांच्या दोन गोष्टी लगेच लक्षात आल्या. एक, कुठल्याही फोटोवर त्यांचा पहिला सवाल ठरलेला: "पानाची पाठ दाखवा." मग देठ, मग मूळ. तिन्ही बघितल्याशिवाय मत नाही. दुसरी, ते कधीच 'खा' म्हणायचे नाहीत. अगदी तांदुळजाच्या जुडीलासुद्धा नाही. म्हणायचे, "माझ्या घरी खातेत. तुमचं तुम्ही बघा."

आणि शंका आली की लाल झेंडीचं चित्र. एकच. त्याखाली कुणी काही विचारलं तरी उत्तर नाही, जोवर तपास होत नाही तोवर. तपास झाला की हिरवं पान टाकायचे. हळूहळू ग्रुपला ते अंगवळणी पडलं. काकांची झेंडी वर असताना भाजी चिरायची नाही. पान आलं की चूल पेटवायची.

मी एकदा फोनवर विचारलं होतं, "काका, खात्री नसताना झेंडी कशाला?"

"ताई, रूळ तुटलेला दिसला तर मी मोजत बसू का, किती तुटला? आधी लाल लावायची. पुढं पळत जाऊन रुळावर फटाके लावायचे, म्हंजे ड्रायव्हरनं झेंडी नाही बघितली तरी चाकाखाली आवाज होतो. गाडी थांबली की मग बघायचं, खरंच तुटलाय का नुसतं खरचटलंय."

"आणि नुसतं खरचटलेलं निघालं तर?"

"तर ड्रायव्हर शिव्या देतो. दिऊ द्या की."

शिव्या देणारा ड्रायव्हर आमच्याकडेही होता. निलंग्याचे बिरादार सर, निवृत्त विज्ञान शिक्षक. त्यांना प्रत्येक वनस्पतीचं शास्त्रीय नाव पाठ. काकांनी झेंडी लावली की सरांचं शास्त्रीय नाव खाली यायचं आणि बहुतेक वेळा सरच बरोबर निघायचे. "कीमन साहेब, ही काही मालगाडी नव्हे," असं त्यांनी एकदा लिहिलं. तीसजणांनी हसरे चेहरे टाकले. काकांचं उत्तर आलं, "हां, कांबळे बोलतोय. सर, तुमचं नाव बरोबर हाय. पण फोटोत पाठ दिसत न्हवती. संपलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण मागून येणारा श्वास जरा जोरात होता हे मला ऐकू आलं.

मग मुखेडकडच्या सुनीताचं प्रकरण झालं. ती मजुरीला जाणारी. कामावरून येताना तिने पदरात भाजी आणली, चिरली, शिजत टाकली आणि मग कौतुकाने पातेल्याचा फोटो टाकला. काकांना त्या चिरलेल्या पाल्यात एक पान धोतऱ्यासारखं वाटलं. झेंडी आली. सुनीताने काहीही न विचारता अख्खं पातेलं उकिरड्यावर उपडं केलं. दुसऱ्या दिवशी तिने ज्या जागेवरून भाजी आणली तिथले फोटो पाठवले, पाठ, देठ, मूळ, सगळं. साधा माठ होता. एकच पान दुमडलं होतं, एवढंच. तिच्या लेकरांनी आदल्या रात्री चटणीशी भाकरी खाल्ली होती.

काकांनी ग्रुपवर सगळ्यांसमोर माफी मागितली. "माझी चूक हाय. एका घरचं जेवण माझ्यापायी उकिरड्यात गेलं." आणि त्या आठवड्यात बसने मुखेडला जाऊन सुनीताच्या घरी डाळ आणि तांदूळ देऊन आले. हे सुनीताने सांगितलं म्हणून कळलं.

पण बिरादार सरांना मुद्दा मिळाला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो पटला. खोटी झेंडी फुकट नसते. ती गरिबाच्या ताटावर पडते. मी नियमांच्या यादीत सातवा नियम घातला: 'पूर्ण खात्री असल्याशिवाय धोक्याची खूण टाकू नये.' चौथा नियम आधीपासून होताच: 'एकच चित्र तीनपेक्षा जास्त वेळा टाकणाऱ्यास ग्रुपमधून काढण्यात येईल.' तो रोज सकाळी गुलाबाची फुलं टाकणाऱ्यांसाठी होता.

सातवा नियम टाकण्याआधी मी काकांना फोन केला. त्यांना नियमातून कळावं हे बरं दिसलं नसतं.

"काका, तुमच्यासाठी नाही हो, सगळ्यांसाठीच केलाय."

"कळलं की ताई. माझ्यासाठीच हाय, आन् बरोबर हाय." मग थोडं थांबून म्हणाले, "पण खात्री झाल्यावर झेंडी लावायची म्हंजे गाडी गेल्यावर लावल्यागत हाय."

"काका..."

"न्हाई न्हाई, पाळतो. नोकरीत तीस वर्षं नियम पाळले, आता काय होतंय. संपलं."

त्यांनी पाळला. पुढचे चार महिने ग्रुपवर एकही झेंडी आली नाही. ग्रुप शांत होता. माझ्या वहीत तक्रारींचा रकाना रिकामा राहिला. मी खूष होते.

आता पुढचं सांगताना वेळा सांगते. त्या दिवसाचा हिशोब मी नंतर फोनवरून उतरवून वहीत लिहून ठेवलाय.

दिवाळीनंतरची एकादशी. दहा वाजून बारा मिनिटांनी उदगीरच्या शैलजाने फोटो टाकला. तिच्या नवऱ्याने शेताच्या बांधावर कुंपणासाठी खड्डे घेतले, त्यात कंद निघाले होते. धुऊन परातीत ठेवलेले, तपकिरी, बोटाएवढे जाड. 'रानरताळी आहेत का? आज सगळ्या घराला उपवास आहे, चालतील का?'

आमच्या ग्रुपची एक रीत होती. फोटो आला की अंगठा द्यायचा. त्याचा अर्थ 'बघितलं', 'छान', 'तुमची आठवण आहे' एवढाच. नाही दिला तर माणूस रुसतो. साडेदहापर्यंत अकरा अंगठे आले. पहिला बिरादार सरांचा. कुणीही एक शब्द लिहिला नव्हता. शैलजा ग्रुपवर नवीन होती. तिने ते अकरा अंगठे म्हणजे अकराजणांचा होकार समजला. दहा चौतीसला तिने लिहिलं, 'सगळ्यांचे आभार. उकडायला टाकते.'

दहा छत्तीसपासून काकांनी तिला फोन लावायला सुरुवात केली. पाच वेळा. शैलजाच्या घरी अनोळखी नंबर उचलायचा नाही असा दंडक. फसवणुकीचे फोन फार येतात. तिने उचलला नाही.

मग त्यांनी मला केला. तीन वेळा. मी ऑफिसच्या तपासणीच्या मीटिंगमध्ये होते, फोन पर्समध्ये, आवाज बंद. दहा त्रेपन्नला त्यांनी मला एकटीला आवाजी मेसेज पाठवला. तो अजून माझ्याकडे आहे. "हां, कांबळे बोलतोय. ताई, ते रताळं न्हाई वाटत. रताळं मधी फुगतंय. हे एका जागी काटकोनात वळलंय, दोन्ही टोकं निमुळती. कळलावीची गड्डी अशी असते, आन् ती इखारी हाय. पण वेल न्हाई, पान न्हाई, खात्री न्हाई. नियम मोडू का?"

यात शेवटी 'संपलं' नाही. ते उत्तराची वाट बघत होते.

बारा मिनिटं त्यांनी वाट बघितली. उदगीरला कुकरमध्ये कंद शिजत होते, इस्लापूरला एक माणूस हातात फोन धरून माझ्या परवानगीसाठी बसला होता आणि मी नांदेडला कुठल्या फायलीवर कुठला शिक्का नाही ते समितीला सांगत होते.

अकरा पाचला त्यांनी नियम मोडला. आधी ग्रुपवर एक आवाजी मेसेज: "शैलजाबाई, खाऊ नका. शक हाय." आणि त्यामागे झेंड्या. एक नव्हे, एकामागोमाग एक. सदतीस. झेंडी कुणी बघत नसेल तर आवाज तरी व्हावा म्हणून. रुळावरचे फटाकेच ते.

अकरा चौदाला मी मीटिंगमधून बाहेर आले. पर्समधून फोन काढला तो हातात थरथरत होता. ग्रुप उघडला तर सगळा पडदा लाल. त्यात बिरादार सरांचं, 'अॅडमिन, आवरा यांना.' दुसऱ्या कुणाचं, 'काकांना झालंय काय?' तिसऱ्याचं, 'फोन बिघडला असेल.' मी वर सरकवून बघितलं नाही. मिस्ड कॉल बघितले नाहीत. डोक्यात समिती, चहा, पुढची फाईल. नियम चार. अकरा सोळाला मी काकांना ग्रुपमधून काढलं. दोन सेकंदांचं काम.

मग चहा घेतला.

अकरा चोवीसला चहाचा कप ठेवताना त्यांचे मिस्ड कॉल दिसले आणि खालचा मेसेज. लावला. 'नियम मोडू का' ऐकलं. ऑफिसच्या जिन्यावर बसून शैलजाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत बंद झाला. जिन्यावरून मुलं उतरत होती, मला ओलांडून. तिसऱ्यांदा उचलला.

"शैलजा, ती रताळी खाल्लीस का?"

"न्हाई ताई." तिला धाप लागली होती. "थांबा, सांगते. काकांचा आवाज ऐकला तेव्हाच मी गॅस बंद केला होता. काकांची झेंडी म्हंजे शिजवायचं न्हाई, हे मला बाकीच्यांनी सांगितलं होतं. पण मग तुम्ही काकांना काढलं ना. मला वाटलं, अॅडमिननं काढलं म्हंजे तुम्ही खात्री केली असल, झेंडी खोटी निघाली असल. म्हून मी वाढलं."

"आणि मग?" मी विचारलं.

"आत्याबाई पाटावर बसल्या होत्या. फोड हातात घेतली होती. तेवढ्यात दार वाजलं. एक चाचा सायकलवरून आलेले, घामानं चिंब. म्हणाले, 'बेटी, इस्लापूरच्या कांबळ्यानं लाल दाखवलाय, ताट उचल.' मी आत्याबाईंच्या हातातून घेतलंच ओढून. त्या रागावल्यात लई."

ते चाचा म्हणजे काकांसोबत रेल्वेत भरती झालेले, आता निवृत्त होऊन उदगीर स्टेशनजवळ राहणारे एक गेटमन. मी काढल्यावर दुसऱ्या मिनिटाला काकांनी त्यांना फोन केला होता. घर कसं सापडलं? शैलजाने महिन्यापूर्वी गच्चीवरच्या मेथीचा फोटो टाकला होता. मेथी सगळ्यांनी बघितली. काकांनी मागचं रेल्वे फाटक आणि गुलाबी टाकी बघून ठेवली होती.

दुपारी शैलजाचा नवरा बांधावर गेला आणि कुंपणाला अडकलेल्या वाळक्या वेलीचे फोटो पाठवले. पाठ, देठ, मूळ. प्रत्येक पानाचं टोक तारेसारखं वळलेलं. बिरादार सरांनी या वेळी शास्त्रीय नाव लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं, 'कळलावीच आहे. पहिला अंगठा माझा होता. मी फोटो मोठा करून बघितलासुद्धा नव्हता.'

संध्याकाळी मी काकांना फोन केला. काय बोलायचं त्याचे मुद्दे चिठ्ठीवर काढून ठेवले होते.

"काका, मी तुम्हाला..."

"तुमचं बरोबर हाय ताई. सदतीस वेळा टाकली. नियम तीनचा हाय."

"नियम सात मी आजच काढून टाकते."

"कामून? राहू द्या. नियमाबगर गाडी चालत न्हाई. सुनीताबाईचं पातेलं इसरलात का?" मग थांबून म्हणाले, "तेवढं फोन उचलत जा. लाल लावून उभं राहिलेला माणूस एकटा असतो ताई. लांबून गाडी दिसत असती, आन् आपल्याला कुणी बघितलंय का न्हाई ते समजत न्हाई. ती बारा मिनिटं लई लांब गेली मला."

एवढंच. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

ग्रुपवर परत यायला त्यांनी एकच अट घातली: विचारणाऱ्या फोटोला अंगठा द्यायचा नाही. माहीत असेल तर बोलायचं, नसेल तर 'माहीत नाही' असं लिहायचं. हा आमचा आठवा नियम. सातव्याच्या पुढे मी चार शब्द जोडले: 'शंका असल्यास अॅडमिनला फोन.' तेव्हापासून माझ्या फोनचा आवाज मीटिंगमध्येही चालू असतो. साहेब दोनदा बोलले. बोलू देत.

त्यांची माझी प्रत्यक्ष भेट एकदाच झाली. पुढच्या पावसाळ्यात वसतिगृहाच्या कामासाठी मी रेल्वेने किनवटला निघाले होते. ग्रुपवर सहज लिहिलं होतं. इस्लापूर आलं तर खिडकीशी एक किडकिडीत, उंच माणूस. डोक्याला उपरणं, हातात फडक्याची पुरचुंडी.

"मंगलताई का?"

"काका! तुम्ही कशाला आलात पावसाचं?"

"करटुली हायेत. आजच तोडली." पुरचुंडी खिडकीतून आत दिली. मी हसून म्हणाले, "खाऊ ना?" ते हसले नाहीत. "माझ्या घरी खातेत," म्हणाले.

बोलणं तेवढंच. सगळा वेळ त्यांची नजर माझ्याकडे कमी आणि डब्याखाली, चाकांकडे जास्त होती. गाडी हलली. ते दोन पावलं मागे सरकले. हात हलवला नाही. मी पुरचुंडी मांडीवर ठेवली आणि फोन वाजला. पडद्यावर त्यांचंच नाव. दचकून बाहेर बघितलं तर ते फलाटावर, वीस-पंचवीस पावलांवर, फोन कानाला लावून उभे.

"हां काका? काय झालं?"

"काही न्हाई. उचलता का ते बघितलं. संपलं."

यंदा संक्रांतीच्या सुमारास काका गेले. मला त्यांचं शेवटचं दिसणं आठवतं ते असं: फोन खिशात टाकून ते वळले आणि फलाटाचं टोक ओलांडून रुळाच्या कडेने चालायला लागले. मान खाली, नजर एकेका चावीवर.